बी.पी.एड.ला प्रवेश घेताना

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट 5 आणि 7 आहेत. भरतीचा सराव करणारी मुलं-मुली तिथे पहाटेपासून धावतात, शिरूरकडेही तेच. त्यातल्या कित्येकांना खरं तर शाळेत खेळ शिकवायचा असतो आणि खासगी विद्यापीठाची जाहिरात पाहून ती चौकशीला जातात.

आपण आधी पदवीचं नाव नीट वाचावं. बारावीनंतर आरोग्य व शारीरिक शिक्षणाची, क्रीडाशास्त्राची पदवी मिळते. ती चांगलीच आहे, पण तेवढ्यावर माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक होता येत नाही. त्यासाठी बी.पी.एड. लागतं, म्हणजे पदवीनंतरचा 2 वर्षांचा अभ्यासक्रम. हे बऱ्याच जणांना तीन वर्षांची फी भरून झाल्यावर कळतं. फार वाईट वाटतं अशा वेळी.

मग विद्यापीठ पाहावं. खासगी विद्यापीठ विधिमंडळाच्या कायद्याने उभं राहतं आणि स्वतःची पदवी देतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेलं खासगी महाविद्यालय ही वेगळी गोष्ट. खासगी विद्यापीठाला दुसरी महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत. तेव्हा आपल्या तालुक्यात दुकानाच्या माडीवर कुणी त्याचं ‘केंद्र’ काढलं असेल, तर तिथे पैसे देऊ नयेत.

सगळ्यात जास्त फसगत मान्यतेत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत नाव आहे, एवढं पुरत नाही. बी.पी.एड.ला एनसीटीईची, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय परिषदेची, वेगळी मान्यता लागते. मान्यतेचा आदेश मागून घ्या. त्यावरचं संस्थेचं नाव, पत्ता, अभ्यासक्रम आणि जागा परिषदेच्या संकेतस्थळाशी ताडून पाहा. ‘हजर न राहता पदवी’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. वर्षाला किमान 200 दिवस वर्ग आणि मैदान असणारा हा अभ्यासक्रम घरबसल्या होत नाही. राजस्थानात 2022च्या शारीरिक शिक्षक भरतीत बनावट बी.पी.एड. पदव्या सापडल्या आणि प्रकरण अटकेपर्यंत गेलं.

आता प्रमाणपत्रं. इतर विषयातल्या पदवीधराला साधारण 50 टक्के गुण आणि आंतरमहाविद्यालयीन, जिल्हा किंवा शालेय अशा मान्यताप्राप्त स्पर्धेतला सहभाग दाखवावा लागतो. जत्रेतल्या कबड्डीचा चषक कितीही मोठा असला तरी इथे चालत नाही. प्रमाणपत्रावरचं नाव गुणपत्रिकेशी जुळतं का, तेही आत्ताच पाहून ठेवा.

राज्याच्या बी.पी.एड. सीईटीत संगणकावरच्या परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते. खासगी विद्यापीठाची पद्धत वेगळी असू शकते, म्हणून माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

शिष्यवृत्तीबद्दल तोंडी आश्वासनावर राहू नका. शासनाच्या अनेक योजना खासगी विद्यापीठांना लागू होत नाहीत, तेव्हा उत्तर लेखी घ्या.

खर्चात प्रवासही धरा. मैदानाचे तास सकाळी लवकर असतात. दौंडकरांना पुण्याची गाडी आहे. शिरूरला रेल्वे नाही आणि नगर रस्त्यावर वाघोलीची कोंडी, त्यामुळे तिथल्या मुलांनी वसतिगृह आणि खाणावळीचा हिशेब फीबरोबरच मांडावा.