करड्या रंगातलं गाव: हवाई छायाचित्रणाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म

गूगल अर्थ उघडून आजोळचं गाव शोधलं नाही असा परदेशातला मराठी माणूस मला अजून भेटायचाय. पण समजा, तुमचं आजोळ पाण्याखाली आहे. मग? इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव घ्या. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि जलाशयात जी गावं गेली, त्यात हेही गेलं. उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं आणि बातम्यांत फोटो झळकतात. एरवी नकाशावर तिथे फक्त पाणी दिसतं.

पाणी येण्याआधीची भीमा वरून पाहायची असेल तर एक रस्ता अमेरिकेतून जातो. कोरोना नावाच्या हेरगिरीच्या उपग्रहांनी (हो, नाव तेच, साथीशी संबंध नाही) आणि त्यांच्या भावंडांनी १९६० ते १९७२ या काळात जगभरच्या जमिनीचे फोटो काढले. फेब्रुवारी १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ही ८,६०,००० हून जास्त चित्रं खुली झाली. मूळ फिल्म तिथल्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे गेली आणि तिची प्रत साउथ डकोटातल्या सू फॉल्सजवळ, अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या केंद्रात आहे. भारतात हवाई छायाचित्रं अनेक दशकं संरक्षण खात्याच्या परवानगीच्या कुलपात होती. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातलं १९६०च्या दशकातलं शिवार बघायला साउथ डकोटाची वेबसाइट उघडावी लागते. हे मला अजूनही थोडं विचित्र वाटतं.

ही चित्रं जवळजवळ सगळी ब्लॅक अँड व्हाइट आहेत. माझं सध्याचं काम अशाच जुन्या चित्रांवरून जमिनीत काय बदललं ते वाचण्याचं आहे, आणि या कामात सगळ्यात जास्त गफलत होते ती करड्या रंगाच्या बाबतीत. आपण धरून चालतो की गडद म्हणजे झाडी, फिकट म्हणजे उजाड. पण फिल्मवरचा करडा रंग एकट्या जमिनीचा नसतो. मधली हवा, भिंगापुढचा फिल्टर, फिल्म आणि डेव्हलपरची टाकी, सगळ्यांचा त्यात हात असतो. पॉडकास्टवर हे नुसत्या आवाजातून सांगणं जमत नाही, म्हणून इथे लिहितेय.

हवेपासून सुरुवात करू. मे महिन्याच्या दुपारी सह्याद्रीतल्या एखाद्या घाटमाथ्यावर उभं राहिलात तर जवळचा डोंगर तपकिरी दिसतो, त्याच्या मागचा निळसर, आणि त्याच्याही मागचा जवळजवळ आभाळात विरघळलेला. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, त्यामुळे आपल्या आणि डोंगराच्या मध्ये निळसर पडदा तयार होतो. विमानातून खाली बघताना हाच पडदा आडवा पसरलेला असतो. त्यानं काय होतं ते आकड्यांत बघा. समजा जमिनीवर सावलीचा उजेड १ आहे आणि उन्हाचा २०, म्हणजे वीसपट फरक. हवेनं दोन्हींत सारखाच ५ उजेड मिसळला तर कॅमेऱ्यापर्यंत ६ आणि २५ पोचतात. फरक उरतो जेमतेम चौपट. म्हणून विमानाच्या खिडकीतून फोनवर काढलेले फोटो धुतलेल्या कपड्यासारखे फिके येतात.

यावर पहिला उपाय म्हणजे पिवळा किंवा लाल फिल्टर. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवतो आणि पडद्याचा मोठा भाग कॅमेऱ्यात शिरतच नाही. रंगीत फिल्मला हे परवडत नाही, कारण तिचा एक थर निळ्या प्रकाशासाठीच असतो आणि निळा काढून टाकला की रंगांचा तोल बिघडतो. ब्लॅक अँड व्हाइटला ती अडचण नाही. रंगीत फिल्म उपलब्ध झाल्यावरही नकाशावाले इतकी वर्षं करड्याला धरून राहिले त्याचं हे एक मोठं कारण. दुसरं म्हणजे बारकावे. हवाई कामाच्या फिल्म तांबड्या रंगाला जास्त संवेदनशील बनवल्या जायच्या, म्हणजे फिल्टर लावूनही पुरेसा उजेड मिळे.

उजेडाची एवढी काटकसर का, तर विमान थांबत नाही. ताशी २४० किलोमीटर वेगानं विमान सेकंदाला जवळपास ६७ मीटर जातं. शटर १/३०० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात जमीन २२ सेंटिमीटर सरकते. १:२०,००० प्रमाणात फिल्मवर ती हालचाल ०.०११ मिलिमीटर होते, म्हणजे चालेल. पण उजेड कमी म्हणून शटर १/१०० वर आणलंत की तिप्पट, आणि शेताचा बांध फिसकटायला लागतो. जास्त संवेदनशील फिल्म घ्यावी तर तिचे कण मोठे, बारीक बांध कणांतच हरवतो. सगळा मामला या ओढाताणीचा आहे.

हे १:२०,००० प्रमाण मी उगाच घेतलेलं नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा पिकाखालचं क्षेत्र कमी ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारनं पैसे द्यायला सुरुवात केली. पण कोणी खरंच किती एकर पेरलं, हे मोजायचं कसं? साखळी घेऊन माणसं पाठवण्यापेक्षा विमान पाठवणं स्वस्त पडलं. कृषी खात्यानं एकेका काउंटीवरून विमानं फिरवली, सरळ ओळीत, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर सुमारे ६० टक्के चढवून, म्हणजे दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून पाहिले की चढ-उतार उठून दिसतील. मग मोठ्या केलेल्या प्रतीवर प्लॅनिमीटर फिरवून शेताचं क्षेत्र काढायचं. आपल्याकडच्या तलाठ्याच्या पीकपाहणीचं हे हवाई रूप म्हणा. त्यामुळे अमेरिकेतल्या शेतजमिनीचा तेव्हापासूनचा इतिहास आज चौकोना-चौकोनांत बघता येतो.

आता टाकी. साध्या फोटोग्राफीत निगेटिव्ह जरा मऊ डेव्हलप करतात, नाहीतर उन्हातला चेहरा पांढराफटक पडतो. हवाई फोटोत उलटं. वरून आलेला फरकच चौपट आहे, तो ताणून मोठा करायला हवा. त्यासाठी जोरकस डेव्हलपर लागतो. कोडॅकचा डी-१९ हा त्यातला नावाजलेला: मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि वेग देणारा सोडियम कार्बोनेट. डेव्हलपर काय करतो, तर उजेड लागलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या कणांचं काळ्या चांदीत रूपांतर करतो. वेळ वाढवली, तापमान वाढवलं किंवा जास्त ढवळलं की उजळ भागांची चांदी सावल्यांच्या मानानं जास्त वाढते आणि दोन्हींतलं अंतर रुंदावतं. म्हणजे कॉन्ट्रास्ट ही हातानं ठरवायची गोष्ट आहे. किंमत म्हणून कण भरड होतात.

सांगायला सोपं. प्रत्यक्षात रीळ सुमारे २४ सेंटिमीटर रुंद आणि ७५ मीटर लांब, आणि पँक्रोमॅटिक फिल्म सगळ्या रंगांना संवेदनशील असल्यामुळे काम पूर्ण अंधारात. जुन्या पद्धतीत टाकीत दोन चाकं असत आणि फिल्म एका चाकावरून दुसऱ्यावर, मग परत, अशी द्रवात फिरवत ठेवायची. वेळ मिनिटांइतकीच फेऱ्यांनी मोजायची. चाकाचा वेग मध्येच बदलला, सुरुवात घाईत झाली, की एकाच रिळाच्या दोन टोकांना वेगवेगळी वागणूक मिळे. पुढे रोलरवरून सलग जाणारी यंत्रं आली. दक्ष प्रयोगशाळा रिळाच्या टोकाला आधीच ठरलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या करड्या पट्ट्यांची छाप देत. रीळ बाहेर आलं की त्या पट्ट्या मोजून टाकीनं आज काय केलं ते कळायचं. अशी पट्टी रिळावर सापडली की मला सण असल्यासारखं वाटतं.

(एक विषयांतर. १९६६-६७ मध्ये नासाच्या पाच लूनर ऑर्बिटर यानांनी फिल्म चंद्राभोवती फिरता फिरताच डेव्हलप केली. द्रवाची टाकी तिथे कुठली न्यायची? रसायनात भिजवलेली दुसरी पट्टी फिल्मवर दाबायची, झालं. मग वाळलेली निगेटिव्ह यानातच स्कॅन करून रेडिओनं पृथ्वीवर.)

कोरोनानं मात्र फिल्मच खाली पाठवली. ऑगस्ट १९६० मध्ये डिस्कव्हरर १४ या यानाची कुपी पॅराशूटनं उतरत असताना हवाईजवळ एका सी-११९ विमानानं आकड्यात अडकवून हवेतच पकडली. त्यात सुमारे ९ किलो फिल्म होती, आणि त्या एका खेपेत सोव्हिएत भूमीचा जेवढा भाग आला तेवढा आधीच्या सगळ्या यू-२ विमानांच्या उड्डाणांत मिळून आला नव्हता. त्याआधी बरंच काही फसलं होतं. अ‍ॅसिटेटची फिल्म निर्वातात ठिसूळ होऊन तुटायची. उपाय निघाला पॉलिएस्टरचा. कोरड्या रोलरवर घासून स्थिर वीज ठिणगायची आणि फिल्मवर पांढुरक्या फांद्या उमटायच्या. आजही काही फ्रेममध्ये त्या दिसतात, त्यांना नदी समजू नका.

ही फिल्म न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये, कोडॅककडे डेव्हलप होई. एकाच पट्टीत बर्फ, वाळवंट आणि जंगल येणार, एक्स्पोजर प्रत्येकाला अचूक कसं असेल? म्हणून अर्धवट डेव्हलप झालेली फिल्म इन्फ्रारेड किरणांनी तपासायची (ते किरण फिल्मला दिसत नाहीत, त्यामुळे ती खराब होत नाही) आणि त्या तुकड्याला कमी, मध्यम की पूर्ण डेव्हलपमेंट द्यायची ते चालू कामातच ठरवायचं. हेरगिरीसाठी फार हुशार युक्ती. साठ वर्षांनी त्याच पट्टीवर झाडं मोजायला बसलेल्या माणसासाठी डोकेदुखी.

कारण आता दख्खनच्या शिवाराचा विचार करा. नुकती नांगरलेली काळी जमीन गडद दिसते. उभा ऊसही गडदच. मुरमाड माळ फिका, आणि ज्वारी काढून झालेलं रानही फिकं. गढूळ पाणी फिकट करडं, स्वच्छ खोल पाणी काळं, आणि सूर्याची तिरीप भिंगात आली तर तेच पाणी पांढरं. त्यात १९६५च्या पट्टीला कमी आणि १९७०च्या पट्टीला पूर्ण डेव्हलपमेंट मिळाली असेल तर तेच रान दोन चित्रांत दोन छटांचं दिसणार. त्यावरून 'पाच वर्षांत झाडी घटली' असं लिहिलंत तर तुम्ही टाकीचा इतिहास लिहिलात, जमिनीचा नाही. असे निष्कर्ष पुढे धोरणांच्या कागदात जातात, कुणाच्या तरी जमिनीवर 'पडीक' असा शिक्का बसतो, म्हणून मी या बाबतीत कजाग आहे.

मग करायचं काय? छटेपेक्षा आकारावर भरवसा ठेवा. बांधाची रेघ, विहिरीचा गोल, गावठाणाची गर्दी, नदीचं वळण टाकीत बदलत नाही. छटा तोलायचीच असेल तर न बदलणाऱ्या गोष्टी शोधा: उघडा कातळ, मोठ्या देवळाचा दगडी चौथरा. दोन्ही चित्रांत त्यांची छटा आधी जुळवा, मगच शेताकडे वळा. आणि फोटोची तारीख बघितल्याशिवाय पिकाबद्दल एक अक्षर बोलू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा ढगच असतात, त्या सोडून द्या.

शोधायचं ठिकाण: भूगर्भ सर्वेक्षण खात्याची 'अर्थ एक्स्प्लोरर' ही वेबसाइट, त्यात 'डीक्लासिफाइड डेटा' हा विभाग. नकाशावर गावाची जागा निवडा, लहान नमुनाचित्र उघडून ढग तपासा. आधी कुणीतरी स्कॅन करून घेतलेली फ्रेम फुकट उतरवता येते, नसेल तर एका फ्रेमला ३० डॉलर भरून स्कॅन मागवता येतो. शक्यतो शेवटच्या काळातली केएच-४बी कॅमेऱ्याची फ्रेम घ्या. तिच्यात साधारण १.८ मीटरपर्यंतचे बारकावे दिसतात, घर ओळखू येतं, माणूस नाही.

आणि हात शिवशिवत असतील तर स्वतः करून बघा. अ‍ॅग्फाच्या हवाई फिल्मपासून बनलेली रोलाय रेट्रो ८०एस ही फिल्म साध्या ३५ मिमी कॅमेऱ्यात चालते. तिची पट्टी पॉलिएस्टरची असल्यानं उजेड कडेनं आत झिरपतो, तेव्हा रीळ सावलीत भरा. एखाद्या लहान सेस्नात जागा मिळाली तर पिवळा फिल्टर लावा, शटर १/५०० च्या खाली आणू नका, आणि कोपर विमानाच्या चौकटीला टेकवू नका, सगळी थरथर फोटोत येते. डेव्हलप करताना नेहमीच्या वेळेपेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त द्या. नकाशासारखा फोटो हवा असेल तर दुपार, जुने बांध आणि उंचवटे शोधायचे असतील तर सकाळी लवकर, लांब सावल्यांत.

कोरोनाची फ्रेम मिळाली तर एक लक्षात ठेवा. ती लांबुडकी असते, टोकांकडे ताणलेली असते आणि उत्तर दिशा वर असेलच असं नाही. घरच्या मोठ्या माणसांना दाखवायची असेल तर आधी ती फिरवून सरळ करा, गावाभोवतीचा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा कापा आणि मोठा प्रिंट काढा. फोनवर बोटांनी मोठं करत बसलं तर आजीला काही सापडत नाही. कागदावर आधी नदी दाखवा, मग देऊळ. पुढची वाट, विहीर, कुणाचं वावर कुठलं, हे तीच बोटानं दाखवायला लागते. तेव्हा पेन्सिल हाताशी ठेवा आणि ती म्हणेल ती नावं तिथेच लिहा, कारण ती फिल्मवर कुठेच नाहीत.