नाव न घेता

जुन्या नाशकातला माणूस सहज सांगून जातो, ‘आमचा वाडा गंगेवर.’ आता नदी आहे गोदावरी, आणि पाण्यावर वाडा कुणी बांधत नाही. तरी ऐकणारा अडखळतो का? त्याला घाटालगतचा वाडा दिसतो; वर गारवा, पहाटेचं स्नान, देवळांतल्या घंटा हेही आपोआप येतं. यातलं बोलणाऱ्याने काय सांगितलं होतं?

संस्कृत काव्यशास्त्रातलं गाजलेलं उदाहरण अगदी असंच आहे: गंगेवरची गवळ्यांची वस्ती. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. तो जुळेना, म्हणून ‘काठावर’ असं समजून घेतलं, ती लक्षणा. आणि थंडावा, पावित्र्य, जे शब्दांत कुठेच नाही पण मनात उमटतं, ती व्यंजना! नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने तर या न उच्चारलेल्या अर्थालाच काव्याचा आत्मा म्हटलं.

घरात हीच किमया रोज चालते. लेकी बोले सुने लागे. कालच माहेरी आलेल्या लेकीला सासू मोठ्याने म्हणते, ‘अगं, भांडी अजून तशीच?’ सून चटकन ओळखते. कशी? भांडी लेकीच्या वाट्याची नाहीत, आणि शेजारी बसलेल्या लेकीसाठी एवढा आवाज नको. बोलणं प्रसंगाशी किंचित विसंगत असतं. त्या फटीत ऐकणारा शिरतो आणि स्वतःला विचारतो, हे आत्ता, हिला, असं का? उरलेला अर्थ तो स्वतः घडवतो. म्हणून तर आडून बोललेलं जास्त लागतं. शिवाय सून उलट बोललीच, तर ‘तुला कुठे काय म्हटलं?’ ही वाट मोकळीच.

पण ही वाट न्यायालयात मोकळी राहते का? 1909 साली नाशिकच्या बाबाराव सावरकरांवर कविता छापल्याबद्दल खटला झाला. कवितांत नावं होती देवांची, शिवाजी महाराजांची. शिक्षा झाली जन्मठेप, काळ्या पाण्याची! अपिलात मराठी जाणणारे न्यायमूर्ती चंदावरकर यांनी निर्वाळा दिला, की देवांची आणि वीरांची नावं हे केवळ निमित्त आहे, खरा उपदेश परकीय सरकारविरुद्ध शस्त्र उचलण्याचा आहे. सासूच्या बोलण्यातून सून जे ताडते, तेच इथे निकालपत्रात लिहावं लागलं. व्यंजनेवर माणूस अंदमानात गेला, हे वाचताना अजूनही अंगावर काटा येतो.

त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेले कलेक्टर जॅक्सन क्रांतिकारक अनंत कान्हेऱ्यांच्या गोळीला बळी पडले. सरकार नाटकांकडे आणखी डोळ्यांत तेल घालून पाहू लागलं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 पासून रंगभूमीवर होतं. कथा महाभारतातली, विराटाच्या दरबारातली. मात्र प्रेक्षकांना कीचकात दिसत होता लॉर्ड कर्झन, द्रौपदीत हिंदभूमी, सबुरी सांगणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि मुठी आवळणाऱ्या भीमात जहाल. खुणेचं बोट कुणी दाखवलं नव्हतं, तरी हा अर्थ अवघ्या नाट्यगृहाला एकदम कळत होता.

1910 मध्ये नाटकावर बंदी आली. आणि पेच पाहा: बंदी घालायची तर द्रौपदीवर हात टाकणारा तो मदांध कीचक आपल्या माजी व्हाइसरॉयसारखा दिसतो, हे आधी सरकारलाच मान्य करावं लागत होतं. खाडिलकरांनी ते एकदाही म्हटलं नव्हतं.