'सप्लाय लाइन' म्हणजे आपली जुनी 'रसद'

युद्धाच्या बातम्यांत 'सप्लाय लाइन तोडली' असं येतं आणि वर्गात मुलं आम्हाला अर्थ विचारतात. फौजेपर्यंत धान्य, चारा, दारूगोळा, औषधं ज्या वाटेनं पोहोचतात, ती सप्लाय लाइन. त्या सामानाला आपण रसद म्हणतो. फारसीतून आलेला हा शब्द उर्दूत आहे, मराठीतही आहे. मदतीला जादा सैन्य येतं, ती कुमक. दोन्हींत गल्लत नको.

पानिपत आठवा. डिसेंबर १७६० मध्ये रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. दिल्लीकडची वाट अब्दालीनं आधीच अडवली होती. इब्राहिमखान गारदींच्या तोफा होत्या, पण छावणीत अन्न नव्हतं. १४ जानेवारी १७६१ ला मराठे उपाशीपोटी लढले. त्या छावणीत बायका होत्या, यात्रेकरूही होते.

म्हणून 'रसद तोडली' असं वाचलं, की एवढंच विचारावं: उपाशी कोण राहिलं?