प्लाउ लेन (२०२० मधील स्टेडियम)

प्लाउ लेन हे लंडनच्या नैर्ऋत्य भागातील विंबल्डन येथील फुटबॉल स्टेडियम असून ते ए.एफ.सी. विंबल्डन या व्यावसायिक क्लबचे घरचे मैदान आहे. प्रायोजकत्वाच्या करारामुळे ते चेरी रेड रेकॉर्ड्‌स स्टेडियम या नावानेही ओळखले जाते. येथील पहिला सामना ३ नोव्हेंबर २०२० रोजी झाला. स्टेडियमची प्रेक्षकक्षमता सुमारे ९,२०० आहे. मराठी वाचकाला विंबल्डन हे नाव टेनिसमुळे परिचित आहे. ती टेनिस स्पर्धा आणि हे फुटबॉल मैदान मर्टन या एकाच बरोच्या, म्हणजे लंडनमधील स्थानिक प्रशासकीय विभागाच्या, हद्दीत येतात. इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या व चौथ्या स्तरावर खेळणाऱ्या, समर्थकांच्या मालकीच्या क्लबला महानगराच्या आत नवे स्टेडियम उभारण्यासाठी कोणत्या अडचणींतून जावे लागते, याचे हे बोलके उदाहरण मानता येते.

पार्श्वभूमी

मूळ विंबल्डन एफ.सी. हा संघ १९१२ पासून प्लाउ लेन याच नावाच्या जुन्या मैदानावर खेळत असे. १९७७ मध्ये फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळालेला हा संघ १९८६ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि १९८८ मध्ये लिव्हरपूलचा १-० असा पराभव करून त्याने एफ.ए. चषक जिंकला. मात्र मैदान लहान व जुनाट होते. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर आलेल्या टेलर अहवालामुळे वरच्या श्रेणींतील स्टेडियममध्ये प्रत्येक प्रेक्षकासाठी आसन असणे बंधनकारक झाले. जुन्या मैदानात असा बदल करणे परवडणारे नाही, असे मालकांनी ठरविले आणि १९९१ मध्ये संघ क्रिस्टल पॅलेस क्लबच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर भाडेकरू म्हणून गेला. ही व्यवस्था तात्पुरती असल्याचे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती दशकाहून अधिक काळ चालली. दरम्यान जुने मैदान १९९८ मध्ये एका सुपरमार्केट कंपनीला विकले गेले, २००२ मध्ये पाडले गेले व पुढे तेथे सदनिका उभ्या राहिल्या.

स्वतःचे मैदान नसलेल्या क्लबला गावाशी बांधून ठेवणारे फारसे काही उरत नाही, हे यानंतरच्या घटनांवरून दिसून आले. २८ मे २००२ रोजी फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने संघाला सुमारे ९० किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स शहरात स्थलांतराची अनुमती दिली. या स्थलांतरामागेही स्टेडियमचेच गणित होते. मिल्टन कीन्समध्ये मोठी दुकाने आणि स्टेडियम यांचा एकत्रित प्रकल्प योजलेला होता व त्या स्टेडियमसाठी एक व्यावसायिक संघ हवा होता. २००३ मध्ये संघ तेथे गेला, २००४ मध्ये त्याचे नाव मिल्टन कीन्स डॉन्स झाले आणि २००७ मध्ये तेथील मोठे स्टेडियम खुले झाले.

स्थलांतर अमान्य असलेल्या समर्थकांनी २००२ च्या उन्हाळ्यातच ए.एफ.सी. विंबल्डन हा नवा क्लब स्थापन केला. खेळाडूंची निवडचाचणी विंबल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर घेण्यात आली. डॉन्स ट्रस्ट ही समर्थकांची संस्था क्लबची मालक असून तीत प्रत्येक सदस्यास एक मत असते. नवव्या स्तरापासून सुरुवात करून क्लब नऊ हंगामांत पाच वेळा वरच्या श्रेणीत गेला आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. या काळात तो शेजारच्या किंग्स्टन बरोमधील किंग्समेडो या मैदानावर खेळत होता. या मैदानाची क्षमता पाच हजारांच्याही आत होती आणि ते विंबल्डनमध्ये नव्हते. पहिली उणीव उत्पन्नाची होती. दुसरी क्लबच्या अस्तित्वाच्या कारणालाच भिडणारी होती. गावापासून तोडल्याचा निषेध म्हणून जन्मलेला क्लब गावाबाहेर खेळत राहणे समर्थकांना पटणारे नव्हते.

जागेची निवड

लंडनमध्ये स्टेडियमसाठी मोकळी जमीन जवळजवळ मिळत नाही. मिळालीच तर घरबांधणीमुळे तिची किंमत खालच्या श्रेणीतील क्लबच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे ज्या जागेवर आधीपासून क्रीडावापराचे आरक्षण आहे, अशीच जागा क्लबला परवडण्याची शक्यता होती. जुन्या मैदानापासून जेमतेम २५० यार्डांवर १९२८ पासून चालत आलेले विंबल्डन ग्रेहाउंड स्टेडियम होते. श्वानशर्यतींबरोबर तेथे स्टॉक कार शर्यती होत आणि पूर्वी स्पीडवे या मोटारसायकल शर्यतींचा संघही तेथे खेळे. योगायोगाने त्या संघाचे नावही विंबल्डन डॉन्स असेच होते.

मर्टन कौन्सिलने २०१४ मधील आपल्या आराखड्यात ही जागा क्रीडेचा वापर वाढविण्यासाठी राखली. श्वानशर्यतींच्या चाहत्यांना हे मान्य नव्हते; शर्यतींसाठीच नवे स्टेडियम बांधण्याचा प्रतिस्पर्धी प्रस्ताव एका आयरिश उद्योजकाने मांडला होता. इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी १९८५ पासून येथेच होत असल्याने त्यांचा आक्षेप निव्वळ भावनिक म्हणून बाजूला सारता येण्यासारखा नव्हता. एका खेळाच्या समर्थकांची घरवापसी म्हणजे दुसऱ्या खेळाच्या समर्थकांचे विस्थापन होते. येथील अखेरची शर्यत मार्च २०१७ मध्ये झाली.

परवानगीची प्रक्रिया

क्लब व गॅलियार्ड होम्स ही बांधकाम कंपनी यांनी २०१४ च्या अखेरीस संयुक्त अर्ज केला. त्यात पहिल्या टप्प्यात सुमारे ११,००० आणि पुढे २०,००० प्रेक्षकांपर्यंत वाढविता येणारे स्टेडियम, ६०२ घरे, दुकाने व स्क्वॉश केंद्र यांचा समावेश होता. स्टेडियमच्या तिकिटांतून लंडनमधील जमिनीचा खर्च निघत नाही. तो घरांच्या विक्रीतून भागवावा लागतो, अशी या योजनेची आर्थिक घडी होती. तिचा दुसरा परिणाम असा, की घरांच्या नफ्यावर जितका भार टाकावा तितकी त्यांतील परवडणाऱ्या घरांची संख्या घटते. या प्रकल्पात ती एकूण घरांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच राहिली आणि त्यावर टीका झाली.

१० डिसेंबर २०१५ रोजी मर्टनच्या नियोजन समितीने अर्ज एकमताने मंजूर केला. तथापि वाहतूक व नागरी सुविधांवर पडणाऱ्या ताणाचा मुद्दा शेजारच्या वाँड्सवर्थ कौन्सिलने उपस्थित केला. मोठ्या प्रकल्पांचा निर्णय स्वतःकडे घेण्याचा अधिकार लंडनच्या महापौरांना असतो. मार्च २०१६ मध्ये तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन यांनी तो वापरला. मे महिन्यात महापौरपदी आलेले सादिक खान यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये हा निर्णय फिरवून प्रकरण मर्टनकडे परत पाठविले.

यानंतरही काम लगेच सुरू होऊ शकले नाही. १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १०६ नुसार बांधकामाचा परिसरावर होणारा परिणाम भरून काढण्यासाठी विकासकाला स्थानिक प्रशासनाशी करार करावा लागतो. त्यावर सह्या होऊन अंतिम परवानगी मिळण्यास डिसेंबर २०१७ उजाडला. म्हणजे समितीचे एकमत झाल्यानंतर दोन वर्षे गेली. श्रीमंत क्लबसाठी असा विलंब गैरसोयीचा असतो. लहान क्लबसाठी तो खर्चिक ठरतो, कारण तोवर बांधकामाचे दर वाढलेले असतात.

क्लबचे तत्कालीन मुख्य कार्यकारी एरिक सॅम्युएलसन यांनी या प्रकल्पाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यांचे वार्षिक वेतन एक गिनी, म्हणजे एक पौंड पाच पेन्स, इतके होते.

निधी आणि मालकीचा प्रश्न

स्टेडियमचा खर्च ३ कोटी पौंडांहून अधिक होता. किंग्समेडो चेल्सी क्लबला विकण्यात आले आणि आता तेथे चेल्सीचा महिला संघ खेळतो. २०१९ मध्ये लोकवर्गणीच्या पद्धतीने समभाग विकून २० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. तरीही वर्षाच्या अखेरीस सुमारे १.१ कोटी पौंडांची तूट असल्याचे स्पष्ट झाले. त्या वेळी बांधकाम सुरू झालेले होते.

बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा देऊन तूट भरावी, असा विचार पुढे आला. त्यामुळे ट्रस्टचा वाटा घटला असता. मालकाच्या एका निर्णयाने क्लब गमावलेल्या समर्थकांच्या दृष्टीने हा केवळ हिशेबाचा प्रश्न नव्हता, आणि सदस्यांत तीव्र मतभेद झाले. त्यातूनच समर्थकांनी ‘प्लाउ लेन बाँड’ ही कर्जरोख्यांची योजना आखली. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत कर्जाची मुदत आणि व्याज यांबाबत निवड करण्याची मुभा कर्ज देणाऱ्याला होती. योजनेतून ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. समभागाऐवजी कर्ज घेतल्याने ट्रस्टचे नियंत्रण टिकले; मात्र रोख्यांची परतफेड क्लबच्या भावी उत्पन्नातून करावयाची असल्याने संघावर खर्च करण्याच्या रकमेला मर्यादा आली. ही किंमत सदस्यांनी जाणीवपूर्वक स्वीकारली.

रचना व बांधकाम

जुने ग्रेहाउंड स्टेडियम पाडण्याचे काम मार्च २०१८ मध्ये सुरू झाले. नव्या स्टेडियमचे बांधकाम बकिंगहॅम ग्रुप या कंपनीने केले. मंजुरी मिळालेल्या पहिल्या टप्प्यापेक्षा प्रत्यक्षातील क्षमता कमी ठेवून खर्च आवरण्यात आला. पश्चिमेकडील मुख्य प्रेक्षागार कायमस्वरूपी व बहुमजली असून खेळाडूंच्या खोल्या, कार्यालये आणि मेजवानीची दालने त्यात आहेत. सामना नसलेल्या दिवशीही उत्पन्न देणारा भाग हाच असल्याने खर्चाचा मोठा वाटा येथे वळविण्यात आला. उरलेल्या तीन बाजूंना साधी, पुढे बदलता येण्याजोगी प्रेक्षागारे आहेत.

उद्घाटन व त्यानंतर

२०२०-२१ हंगामाच्या आरंभी काम अपूर्ण असल्याने क्लबने सुरुवातीचे घरचे सामने क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानावर खेळले. नव्या मैदानावरील पहिला सामना डाँकास्टर रोव्हर्सविरुद्ध २-२ असा बरोबरीत सुटला आणि येथील पहिला गोल ज्यो पिगॉट याने केला. कोविड-१९ महामारीच्या निर्बंधांमुळे प्रेक्षागारे रिकामी होती. ज्यांच्या पैशांतून स्टेडियम उभे राहिले, त्यांनी तो सामना घरी पडद्यावर पाहिला. पूर्ण क्षमतेने प्रेक्षकांना प्रवेश २०२१-२२ च्या हंगामात मिळाला. त्याच हंगामाच्या शेवटी क्लब चौथ्या स्तरावर घसरला व २०२५ मध्ये पुन्हा तिसऱ्या स्तरावर आला. २०२२ पासून लंडन ब्राँकोज हा रग्बी लीग संघही हे मैदान वापरू लागला.

स्टेडियम वँडल नदीच्या पूरप्रवण क्षेत्रात असून नियोजनाच्या टप्प्यावर हा चर्चेतील एक मुद्दा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये अतिवृष्टीने नदीचे पाणी पात्राबाहेर आले, मैदानात पाणी साचले आणि एका कोपऱ्यात जमीन खचून मोठा खड्डा पडला. न्यूकॅसल युनायटेडविरुद्धचा लीग चषकाचा सामना त्यामुळे न्यूकॅसलच्या मैदानावर हलवावा लागला. तो न्यूकॅसलने १-० असा जिंकला. दुरुस्तीसाठी समर्थकांनी व इतर क्लबांच्या चाहत्यांनी सुरू केलेल्या वर्गणीत १ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली आणि काही आठवड्यांनी येथे पुन्हा सामने सुरू झाले.