आंबेडकरी जलसा : उपेक्षितांच्या प्रतिकाराचा कलाविष्कार

प्रस्तावना :
कला मनोरंजनासाठी की समाजपरिवर्तनासाठी, हा वाद जुना आहे. परंतु ज्या समाजाला सार्वजनिक जीवनात बोलण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्याच्या बाबतीत कला हाच आवाज ठरतो. महाराष्ट्रातील अस्पृश्य समाजाने विसाव्या शतकात उभा केलेला आंबेडकरी जलसा हे याचे ठळक उदाहरण होय. या समाजातील बहुसंख्य लोकांनी १९५६ मध्ये व त्यानंतर बौद्ध धर्म स्वीकारला. १९९३ मध्ये केंद्र शासनाने बौद्धांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. प्रस्तुत लेखात जलशाचे स्वरूप, कार्य व मर्यादा यांचा थोडक्यात विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली. या चळवळीतून सत्यशोधक जलसे निर्माण झाले. पुढे महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९२७) व नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०) यांमुळे अस्पृश्य समाजात जागृती झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' (१९२०) व 'बहिष्कृत भारत' (१९२७) ही पत्रे काढली होती; परंतु अक्षरओळख नसलेल्या खेड्यातील माणसापर्यंत छापील शब्द पोहोचणे कठीण होते. ही उणीव जलशाने भरून काढली. नाशिकचे भीमराव कर्डक हे या परंपरेतील अग्रणी शाहीर होत.

स्वरूप :
जलशाने आपला साचा तमाशाकडून घेतला. गण, गवळण, बतावणी, लावणी व वग ही तमाशाची अंगे होत. तमाशातील कलावंत बहुतांशी अस्पृश्य जातींतीलच होते. मात्र त्यांची कला गावच्या प्रतिष्ठितांच्या करमणुकीसाठी राबत होती. जलशाने शृंगार वगळला आणि विनोदी संवाद व वग यांतून शिक्षण, व्यसनमुक्ती, मृतमांसाचा त्याग, मंदिरप्रवेश असे विषय मांडले. येथे बदल केवळ विषयाचा नव्हता. कलावंत कोणासाठी गातो, हेच बदलले. ज्यांच्यापुढे मान खाली घालून नाचावे लागे, त्यांच्याऐवजी तो आपल्याच माणसांशी ताठ मानेने बोलू लागला. जलशातील प्रतिकाराचे मर्म येथे आहे.

विस्तार :
१९५६ च्या धर्मांतरानंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्ट्यांनी घेतली. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी गावोगाव फिरून भीमगीते पोहोचविली. या आवाजाची किंमतही मोजावी लागली. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट याच घटनेपासून सुरू होतो.

मर्यादा :
जलशाचे मूल्यमापन करताना एक प्रश्न टाळता येत नाही. तमाशातील स्त्रीचे शोषण नाकारताना त्या कलावंत स्त्रीलाही जलशाच्या रंगमंचावर स्थान मिळाले नाही. स्त्री-भूमिका पुरुषच करीत. शोषणाबरोबर तिची कलाही बाजूला पडली. पुढील काळात गायिका पुढे आल्या. एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडुबाई खरात यांचा आवाज आज घराघरांत पोहोचला आहे.

समारोप :
आंबेडकरी जलशाने दाखवून दिले की, प्रतिकारासाठी नवे साधन शोधावेच लागते असे नाही. हाती असलेल्या साधनाची दिशा बदलली तरी ते चळवळीचे शस्त्र होते. मात्र ही परंपरा मुख्यतः मौखिक आहे. शाहीर गेला की त्याच्या वह्या व चालीही त्याच्याबरोबर जातात. ज्यांनी मूक समाजाला वाचा दिली, त्यांचेच शब्द विस्मृतीत जाऊ नयेत, यासाठी महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील शाहिरांच्या गीतांचे संकलन व ध्वनिमुद्रण हाती घेणे अगत्याचे आहे.