घरी सांगितलंय का?

मित्रांनो, 'डिफेंडिंग जेकब' बघितली नसेल तर बघा. २०२० ची सिरीज आहे, ॲपल टीव्हीवर, ८ भाग. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं न्यूटन. अँडी बार्बर सरकारी वकील, आणि त्याच्याच १४ वर्षांच्या पोरावर शाळेतल्या मुलाच्या खुनाचा आरोप.

कोर्टातली खेचाखेच भारीच आहे. पण मला पकडलं ते घरातल्या गोष्टीने. अँडीचा बाप खुनासाठी तुरुंगात आहे आणि हे त्याने बायकोला, लॉरीला, कधी सांगितलेलंच नाही. केस उभी राहिल्यावर सांगावं लागतं. मग ती नवऱ्याकडे आणि पोराकडेही वेगळ्याच नजरेने बघायला लागते.

ट्रेनिंगला येणाऱ्या दुकानदारांना मी पहिल्याच दिवशी विचारतो, दुकानावर कर्ज किती, हे घरी माहीत आहे का? बरेच जण खाली बघतात. वसुलीवाला दारात आल्यावर बायकोला कळलं, तर पुढे दुधाच्या हिशेबावरही तिचा विश्वास बसत नाही.

अँडी झालेला क्रिस एव्हान्स म्हणजे आपला 'कॅप्टन अमेरिका'. पण खरी बघायची ती मिशेल डॉकरीची लॉरी. ती ओरडत नाही, फक्त गप्प होत जाते.