अल्झायमरवरील नवे औषध : आशा किती, अपेक्षा किती?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळली आहे की वृद्धांचे विसरणे हा आजारही असू शकतो, ही शंका पुष्कळदा कोणाच्या मनास शिवत नाही. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे कोणत्याही वयात घडते. परंतु रोजच्या रस्त्याने घरी परतताना वाट चुकणे, घटकाभरात तोच प्रश्न चार वेळा विचारणे, आयुष्यभर चोख ठेवलेल्या जमाखर्चाची साधी बेरीजही न जुळणे, ही केवळ वयाची लक्षणे नव्हेत. भारतातील ज्येष्ठ नागरिकांच्या एका व्यापक पाहणीनुसार ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक आहेत. त्यांत अल्झायमर हे सर्वांत मोठे.

गेल्या काही वर्षांत या आजारावर ‘नवे औषध सापडले’ अशा वार्ता वारंवार कानी येतात. घरात असा रुग्ण असलेल्या कुटुंबास त्या वाचून वाटणारी आशा स्वाभाविक आहे. म्हणूनच या औषधाने नेमके काय साधले आणि काय साधले नाही, हे शांतपणे समजून घेणे आवश्यक ठरते.

शतकभराचा शोध

१९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूचा मरणोत्तर अभ्यास विद्वानांपुढे मांडला. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. ते थर अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात, हे पुढे सिद्ध झाले. १९९६ पासून वापरात असलेल्या डोनेपेझिलसारख्या गोळ्या लक्षणे काही काळ सौम्य करतात. मेंदूतील मूळ प्रक्रियेस मात्र त्या हात लावत नाहीत. ते अमिलॉइडच दूर केले तर आजार थांबेल काय, या प्रश्नाभोवती गेल्या तीन दशकांतील बहुतेक संशोधन फिरत राहिले.

ही वाट अपयशांनी भरलेली आहे. अमिलॉइडविरुद्धच्या एका लसीची चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण घेणाऱ्यांपैकी सुमारे सहा टक्के व्यक्तींच्या मेंदूस व त्याच्या आवरणास दाह झाला. त्यानंतरची बापिन्यूझुमॅब, सोलानेझुमॅब ही औषधे मोठ्या चाचण्यांत निष्फळ ठरली. अ‍ॅड्युकॅनुमॅब या औषधास अमेरिकेत जून २०२१ मध्ये मान्यता मिळाली. परंतु तज्ज्ञ सल्लागार समितीचे मत प्रतिकूल असतानाही ती दिली गेल्याने समितीच्या तीन सदस्यांनी राजीनामे दिले.

या पार्श्वभूमीवर लेकॅनेमॅबचे नाव पुढे आले. त्याचे मूळ स्वीडनमध्ये आहे. उप्साला येथील संशोधक लार्स लानफेल्ट यांना उत्तर स्वीडनमधील एका कुटुंबात अल्झायमर घडवून आणणारा जनुकीय बदल आढळला. त्या बदलामुळे अमिलॉइडचे घट्ट थर होण्यापूर्वीची विरघळलेली, तंतूसारखी अवस्था अधिक प्रमाणात निर्माण होते. हीच अवस्था पेशींस विशेष घातक असावी, असे त्यांनी मानले आणि तिलाच पकडणारे प्रतिपिंड तयार करण्याचे काम सुरू झाले.

१८ महिन्यांची कसोटी

लेकॅनेमॅबच्या निर्णायक चाचणीत ५० ते ९० वर्षे वयाचे १,७९५ रुग्ण सहभागी झाले. सर्वांचा आजार अगदी प्रारंभीच्या टप्प्यात होता आणि प्रत्येकाच्या मेंदूत अमिलॉइड असल्याची तपासणीने खात्री करण्यात आली होती. निम्म्यांना दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध देण्यात आले. निम्म्यांना तसाच दिसणारा, परंतु औषधविरहित द्रव. कोणास काय मिळते, हे रुग्णांपासून आणि त्यांची पाहणी करणाऱ्या डॉक्टरांपासून गुप्त ठेवलेले होते. ही पद्धत प्रथमदर्शनी कठोर वाटते. परंतु आशेनेही माणसास बरे वाटू लागते, म्हणून औषधाचा गुण आणि आशेचा गुण वेगळा करण्याचा दुसरा विश्वासार्ह मार्ग नाही.

रुग्णाची स्मृती, दिशाकालाचे भान, निर्णयशक्ती, समाजातील वावर, घरकाम व छंद, स्वतःची देखभाल या सहा बाबी ० ते १८ गुणांच्या मापाने मोजल्या गेल्या. गुण जितके अधिक, तितका आजार अधिक. १८ महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.२१ने वाढले, तर इतरांचे १.६६ने. फरक ०.४५चा. ‘ऱ्हास २७ टक्के मंदावला’ असे जे वाचावयास मिळते, ते याच आकड्यांवरून.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. औषध घेणाऱ्यांची प्रकृतीही ढासळलीच. फक्त थोड्या कमी वेगाने. गेलेली स्मृती कोणाचीही परत आली नाही. १८ गुणांच्या मापात अर्ध्याहून कमी गुणाचा फरक घरच्यांच्या लक्षात तरी येईल काय, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते, स्वतःचे व्यवहार स्वतः पाहण्याचे काही अधिक महिने मिळाले तरी ते मोलाचेच.

या लाभासोबत धोकाही आहे. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के व्यक्तींच्या मेंदूत सूज दिसून आली. बहुतेकांना तिची जाणीवही झाली नाही. पण काहींच्या बाबतीत सूज वा रक्तस्राव गंभीर ठरू शकतो. एपीओई-४ या जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांत सुजेचे प्रमाण ३२.६ टक्के होते. म्हणून उपचारापूर्वी आणि आरंभीच्या महिन्यांत एमआरआय पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांबाबत विशेष सावधगिरी बाळगावी लागते.

अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये या औषधास पूर्ण मान्यता दिली. तेथे त्याची जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. ब्रिटनने ऑगस्ट २०२४ मध्ये विक्रीस परवानगी दिली. परंतु खर्चाच्या मानाने लाभ अल्प असल्याने सरकारी आरोग्यसेवेतून ते देऊ नये, असा प्राथमिक अभिप्राय तेथील मूल्यमापन संस्थेने त्याच वेळी दिला. कसोटी अजून संपलेली नाही. मेंदूत अमिलॉइड आहे, पण विस्मरण सुरू झालेले नाही, अशा व्यक्तींवर या औषधाची चाचणी २०२० मध्ये आरंभली गेली.

संमती कोणाची?

सर्व आकड्यांतून कुटुंबांनी घ्यावयाचा बोध एक आहे. ही औषधे केवळ प्रारंभीच्या अवस्थेसाठी आहेत. वडिलांनी मुलांस ओळखणे सोडल्यावर धावाधाव केली, तर त्यांच्यासाठी या औषधांचे दार बंद झालेले असते. दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. थोडा वेळ मिळण्यासाठी मेंदूतील सुजेचा धोका पत्करावा की नाही, हा निर्णय मुळात रुग्णाचा आहे आणि तो घेण्याची शक्तीच हा आजार हळूहळू हिरावून नेतो. ‘आईला कशाला सांगायचे, उगीच घाबरेल,’ असे म्हणून निदान लपविण्याची रीत मायेपोटी येते. परंतु तिच्यामुळे आई आपल्याच निर्णयातून वगळली जाते.

भारतात औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९चे नियम लागू आहेत. चाचणीस नैतिकता समितीची मान्यता लागते. रुग्णास समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते, आणि ती कधीही मागे घेता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. संमती देण्यास असमर्थ असणाऱ्यांच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी संमती देऊ शकतो. तथापि स्वतःच्या मुखाने दिलेल्या होकाराची वा नकाराची सर त्यास येत नाही. चाचणीविषयी विचारणा झाल्यास कुटुंबाने विचारावे : औषधविरहित गटात जाण्याची शक्यता किती? कोणते धोके आजवर दिसले? तपासण्यांचा खर्च कोणाचा? चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील काय?

लवकर तपासणी करण्याचा लाभ या औषधावर अवलंबून नाही. जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, काही औषधांचा दुष्परिणाम, यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार आहेत. बी-१२ मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळत असल्याने शाकाहारी घरांतील ज्येष्ठांनी ही रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी. आणि आजार अल्झायमरचाच निघाला, तरी मिळकतीची व्यवस्था, इच्छापत्र, पुढील काळात सांभाळ कोणी व कसा करावा, यांविषयी आजी-आजोबांचे स्वतःचे मत ऐकण्याइतका अवधी हाती राहतो. तो अवधी ‘वय झाले’ एवढे म्हणून दवडू नये.